किलो किती? दोरीला विचारा!

वॉशिंग मशीन घ्यायचंय? मग घरातली माणसं मोजायच्या आधी जरा गॅलरीतली दोरी मोजा, नळाला हात लावून बघा आणि मोरीच्या दाराला टेप लावा.

‘घरात माणसं किती?’ मशीनच्या दुकानात पाऊल टाकलं की सेल्समनचा पहिला प्रश्न हाच. दोन म्हणालात तर तो तुम्हाला सहा-साडेसहा किलोपाशी नेतो. चार म्हणालात तर सात. आणि सहा म्हणालात की साहेबांचा चेहरा उजळतो, स्वारी थेट आठ-नऊ किलोच्या रांगेत! ‘थोडेच पैसे जास्त टाका सर, एक किलो वाढवून मिळतोय,’ हे वाक्य तर पाठच असतं. आपणही कांदे-बटाटे घेतल्यासारखे खूश होतो. जास्त किलो म्हणजे जास्त फायदा, नाही का?

नाही. निदान आमच्या परळमध्ये तरी नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा मी महिनाभर त्याच्या मागे लागलो होतो. आमचं घर म्हणजे परळची टिपिकल चाळ. तळमजला अधिक तीन, लाकडी जिना, दुसऱ्या मजल्यावर आमची खोली, खोलीत मोरी, बाहेर कॉमन गॅलरी. माणसं सहा. आई, बाबा, दादा, वहिनी, पाच वर्षांचा पुतण्या आणि मी. सेल्समनच्या हिशेबाने सरळ आठ किलोचं गिऱ्हाईक!

मशीन घ्यायचं कारण मात्र ऑफर नव्हती. कारण होतं आईचं मनगट. चाळीस वर्षं मोरीत बसून तिने कपडे धुतले, पिळले, वाळत घातले. आता सकाळी उठली की उजव्या हाताला मुंग्या येतात, कपबशी हातातून सुटते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘पिळणं बंद.’ आई घरी येऊन म्हणाली, ‘त्यांना काय जातंय सांगायला? पिळायचं बंद करून सहा माणसांचं धुणं काय नुसतं टिपकत ठेवू?’

तेव्हा दादाने ठरवलं, मशीन घ्यायचं. आणि मग सुरू झाली किलोंची लढाई. वहिनी म्हणे आठ, दादा म्हणे सात, बाबा म्हणे एवढी जागा तरी कुठाय, आणि आई म्हणे, ‘मला नकोच. किती पाणी खाईल ते मेलं!’

किलो म्हणजे नक्की काय?

आधी एक गैरसमज काढून टाकू. मशीनवर लिहिलेले सात किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. ओल्या नव्हे. आणि तेही सुती कपड्यांचं, कॉटन प्रोग्रॅमवर. त्याच मशीनमध्ये सिंथेटिक कपडे टाकलेत तर मर्यादा साधारण निम्म्यावर येते. पंधरा मिनिटांचा क्विक वॉश लावलात तर बहुतेक मशीनमध्ये जेमतेम दोन किलो. हे सगळं मॅन्युअलमध्ये प्रोग्रॅमच्या तक्त्यात छापलेलं असतं, पण मॅन्युअल वाचतो कोण? ते वॉरंटी कार्डाबरोबर कपाटात जातं.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक गंमत. त्याला दोन टब. धुण्याचा एक, पिळण्याचा दुसरा. बाहेर मोठ्या अक्षरात जे किलो लिहिलेले असतात ते धुण्याच्या टबाचे. पिळण्याचा टब बऱ्याचदा लहान असतो. म्हणजे एका दमात धुतलेलं दोन दमात पिळायचं. दुकानात हा आकडा मुद्दाम विचारा.

एक दिवस काटा हातात घ्या

मी केलं ते अगदी सोपं होतं. प्रवासाच्या बॅगेचं वजन करायचा हुकवाला काटा घरात होताच. एका पिशवीत घरातल्या सगळ्यांचे एका दिवसाचे उतरवलेले कपडे भरले आणि टांगले. वहिनी हसायला लागली. ‘भावजी, रद्दी विकताय का?’

हसू दे. आकडे बघा. माझा आणि दादाचा ऑफिसचा शर्ट प्रत्येकी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. फॉर्मल पँट साडेचारशे. आईची सुती साडी साडेचारशे, वर परकर-ब्लाउज. वहिनीचा ड्रेस ओढणीसकट अर्धा किलो. बाबांचा लेंगा-बनियन, पुतण्याचा शाळेचा युनिफॉर्म आणि खेळून मळवलेले कपडे, घरातले टी-शर्ट, मोजे, रुमाल... सगळं मिळून झालं सव्वाचार किलो. सहा माणसांचं! माझी जीन्स एकटी साडेसहाशे ग्रॅम भरली, पण ती काही रोज धुवायला पडत नाही. मोठे टॉवेल आणि चादरी आल्या की त्या दिवशीचा काटा सहा किलोपर्यंत जातो.

आता हेच कपडे रविवारपर्यंत साठवले तर? आठवड्याचे पंचवीस-तीस किलो. मग आठ किलोचं मशीनही चार वेळा लावावं लागणार. म्हणजे आमच्यासाठी प्रश्न ‘माणसं किती’ हा नव्हताच. प्रश्न होता, ‘धुणं रोज की रविवारी?’ किलोच्या आकड्यामागे खरं तर घराचं वेळापत्रक लपलेलं असतं.

नळ काय म्हणतो?

आमच्याकडे पाणी सकाळी येतं. साडेपाच ते साडेसात. बाकीचा दिवस मोरीतल्या निळ्या पिंपावर. दोनशे लिटरचं पिंप, त्यात आंघोळी, भांडी, सगळं. मुंबईत पाणी ठरावीक वेळेलाच येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. टॉवरमध्ये जमिनीखालच्या आणि गच्चीवरच्या टाक्यांमुळे ते जाणवत नाही, चाळीत रोज जाणवतं.

फ्रंट लोड मशीन एका धुण्याला साधारण पन्नास-साठ लिटर पाणी घेतं. टॉप लोड त्याच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त. म्हणजे आईची शंका अगदीच चूक नव्हती. पिंपातल्या पाण्यावर टॉप लोड चालवायचं म्हटलं तर अर्धं पिंप एका फटक्यात गेलं.

दुसरी गोष्ट प्रेशर. फुल्ली ऑटोमॅटिकला नळाच्या पाण्याचा दाब लागतो. मॅन्युअलमध्ये तो बहुधा ‘बार’मध्ये दिलेला असतो आणि कमीत कमी आकडा बऱ्याचदा ०.३ ते ०.५ च्या आसपास असतो. सोप्या भाषेत, टाकीतलं पाणी तुमच्या नळाच्या तीन ते पाच मीटर वर हवं. आमची टाकी गच्चीवर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, वर अजून एक मजला. म्हणजे आम्ही सुटलो. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या डोक्यावरच टाकी, त्यांना हा दाब मिळत नाही. त्यांनी सेमी ऑटोमॅटिक घेतलं, बादलीने पाणी ओततात, झकास चाललंय. सेमी ऑटोमॅटिकला प्रेशर लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मग आम्हीही सेमी ऑटोमॅटिकच का नाही घेतलं? स्वस्त, हलकं, बादलीवर चालणारं. कारण पुन्हा मनगट! सेमीमध्ये धुतलेले कपडे एका टबातून उचलून दुसऱ्या टबात टाकावे लागतात. सुती कापड निथळत असताना आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी धरून असतं. साडेचारशे ग्रॅमची साडी उचलताना दीड किलो होते. पिळणं वाचलं, पण उचलणं आलंच. ज्या हातासाठी मशीन घ्यायचं त्यालाच हे काम लावायचं, तर मग घेतलं कशाला?

साडेपाच ते साडेसात या दोन तासांत आंघोळी आणि स्वयंपाक सांभाळून मशीनचा एकच राउंड होतो. दुसरा नाही. म्हणजे रोजचं धुणं एकाच राउंडमध्ये बसायलाच हवं. सव्वाचार किलो, चादरीच्या दिवशी सहा. इथे आमचा खालचा आकडा ठरला.

आणि दोरी?

वरचा आकडा ठरवला दोरीने. यावर कुणी बोलतच नाही हो! मशीन कितीही किलो धुवो, वाळणार तेवढंच जेवढी दोरी असेल.

आमच्या दारासमोर गॅलरीत आमच्या वाट्याच्या तीन दोऱ्या, प्रत्येकी आठ फूट. एकूण चोवीस फूट. शर्ट सरळ पसरून टाकला तर त्याला दोन फूट लागतात, म्हणजे बारा शर्टांत गॅलरी फुल्ल! हँगरला लावले तर अर्ध्या फुटात एक बसतो. एक डबल चादर दुमडून टाकली तरी सात फूट खाते. मी सव्वाचार किलो कपडे प्रत्यक्ष लावून बघितले. शर्ट-ड्रेस हँगरवर, साड्या घड्या करून वरच्या दोरीवर काठीने. बसले. सहा किलो लावले तेव्हा चादर कठड्यावर टाकावी लागली. आठ किलो? शेजाऱ्यांच्या दोरीवर अतिक्रमण, आणि मग चाळीत जे होतं ते.

पावसाळ्यात तर विचारूच नका. जून ते सप्टेंबर कालचे कपडे आजही दमट असतात. तेव्हा कामाला येतो तो स्पिनचा आकडा. १४०० आरपीएमवर पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतं. सातशे-आठशे आरपीएमवर त्याहून बरंच जास्त. जागा कमी असेल तर एक किलो वाढवण्यापेक्षा ते पैसे जास्त आरपीएमवर टाका.

टॉवरवाल्यांचं काय?

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे, आम्हाला काय त्याचं? लोअर परळला माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंच. राहतात गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. त्यांनी आठ किलोचं फ्रंट लोड घेतलं. दोन माणसांना आठ किलो! ऐकायला उधळपट्टी वाटते, पण हिशेब बरोबर आहे. दोघंही रात्री नऊला घरी येतात, धुणं फक्त रविवारी. माणशी रोजचा पाऊण-एक किलो धरला तर आठवड्याचे अकरा-बारा किलो. एक राउंड पांढऱ्या-फिक्यांचा, एक रंगीतांचा, विषय संपला.

त्यांची अडचण वेगळीच. सोसायटीचा नियम, बाल्कनीत बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालायचे नाहीत. समुद्र दिसतो, पण बनियन दिसता कामा नये! म्हणून मग ड्राय बाल्कनीत छताला पुलीचा स्टँड आणि १४०० आरपीएम. चाळ असो की टॉवर, शेवटी गाडी दोरीवरच येते.

तिसरं घर आमच्याच गल्लीतलं. केईएम, टाटा, वाडिया अशी मोठी हॉस्पिटलं जवळ असल्यामुळे इथे रूम शेअर करून राहणाऱ्या नर्सेस आणि शिकाऊ डॉक्टर भरपूर. तिघी मिळून एक मशीन. त्यांचे पांढरे युनिफॉर्म आणि अॅप्रन वेगळे धुवावे लागतात, ड्युट्याही वेगवेगळ्या. म्हणजे लहान लहान राउंड, पण वरचेवर. त्यांना सहा किलो पुरून उरतं. मोठं मशीन दोन किलोसाठी चालवणं म्हणजे रिकामी बेस्ट बस पळवणं. लोड ओळखणारी मशीन कमी कपड्यांना कमी पाणी घेतात हे खरं, पण कपडे निम्मे म्हणून पाणी आणि वीज काही निम्मी होत नाही. स्टार लेबलवर एका किलोमागे किती वीज आणि किती लिटर पाणी लागतं ते दिलेलं असतं. तो आकडा भरलेल्या मशीनचा धरा.

दाराला टेप लावा

बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात तिच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. नायगाव, ना. म. जोशी मार्ग या भागांतली अनेक कुटुंबंही आज ना उद्या मोठ्या घरात जातील. ‘नव्या घरात जाणारच आहोत, तर आत्ताच मोठं घेऊ’ हा विचार मनात येतोच. पण आज ते ठेवणार कुठे?

फ्रंट लोड मशीन बहुतेक ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ उंच असतं. किलो वाढले की वाढते ती खोली, म्हणजे मागे जाणारी लांबी. टॉप लोड मात्र रुंदी आणि उंची दोन्हीकडे वाढतं. शिवाय मागे पाइपसाठी चार बोटं जागा सोडावी लागते, आणि टॉप लोडचं झाकण उघडायला वर मोकळं हवं. नेमकी तिथेच आमच्या मोरीवर भांड्यांची फळी!

वजन हाही मुद्दा आहे. फ्रंट लोडमध्ये हादरे कमी व्हावेत म्हणून काँक्रीटचे जड ठोकळे बसवलेले असतात, त्यामुळे ते साठ-सत्तर किलोंचं धूड होतं. टॉप लोड साधारण त्याच्या निम्मं. अरुंद लाकडी जिन्यावरून साठ किलो चढवायचे, आणि मग लाकडी तुळयांच्या जमिनीवर ते हजार आरपीएमने फिरवायचं. खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन वर येतील! मशीन शक्यतो भिंतीच्या कडेला, लादीवर आणि चारही पाय समतोल करूनच बसवा.

रजईसाठी मशीन नको

वहिनीचा आठ किलोचा हट्ट कशासाठी होता माहितीये? गावाहून आलेल्या गोधड्या आणि सोलापुरी चादरींसाठी. मुद्दा बरोबर आहे. सगळ्यात मोठा एक नग मशीनमध्ये मोकळा फिरायला हवा. ड्रममध्ये कपडे टाकल्यावर वर वीतभर जागा रिकामी राहिली पाहिजे, नाहीतर साबण निघत नाही आणि बेअरिंगवर ताण येतो. पण सोलापुरी चादर एकटी धुतली तर साडेसहा-सात किलोतही आरामात फिरते. गोधडी वर्षातून दोनदा. त्यासाठी रोज मोठं मशीन पोसायचं? दोन स्टेशनांवर महालक्ष्मीचा धोबीघाट आहे, एकोणिसाव्या शतकापासून मुंबईचे कपडे धुतोय. गल्लीतला लॉन्ड्रीवाला आहे. गोधडी त्याला द्या.

एक किलो जास्त घ्यावा तो कधी? घरात बाळ येणार असेल, आजारी माणसाचं अंथरूण रोज बदलावं लागत असेल, किंवा तुमचं धुणं खरोखरच आठवड्यातून एकदाच असेल तर. नुसती ऑफर आहे म्हणून नाही.

शेवटचा प्रश्न: लावणार कोण?

तर आम्ही घेतलं सात किलोचं फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड. खाली नळाची मर्यादा, वर दोरीची, मध्ये मोरीचं दार. या तिघांच्या मध्ये जो आकडा उरला तो हा.

पण माझ्या मते आकडा ठरवताना आणखी एक गोष्ट मोजायची असते. ती कुठल्याच तक्त्यात नसते. मशीन मोठं असलं की कपडे साठवले जातात. साठवलेले कपडे म्हणजे रविवारची मोठी मोळी. आणि ती मोळी उकलायला, वाळत घालायला, घड्या करायला घरातलं कोण उठतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. आमच्याकडे ते मनगट पुन्हा आईचंच असतं. म्हणून रोज एक राउंड, एका माणसाला वीस मिनिटांत वाळत घालता येईल एवढाच. सोमवार, बुधवार, शुक्रवार दादा, बाकीचे दिवस मी. रविवारी बाबा, तेही स्वखुशीने! पावणेसहाला बटण दाबायचं, सातला हँगर लावायचे, साडेआठला ऑफिसला निघायचं.

आईच्या दोन सुती साड्या मात्र अजूनही मशीनच्या बाहेर असतात. ‘यांचा रंग जाईल,’ म्हणते. आम्ही वाद घालत नाही. तिने त्या नुसत्या खळबळून ठेवायच्या, पिळायच्या नाहीत, एवढंच कबूल करून घेतलंय. त्या टिपकत राहतात गॅलरीत. मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत, पण कपबशी आता हातात टिकते.

दुकानात जाण्याआधी

● घरातल्या सगळ्यांचे एका दिवसाचे कोरडे कपडे काट्यावर मोजा. किती दिवसांनी धुणार, त्या आकड्याने गुणा.

● एका वेळी दोरीवर किती किलो बसतात ते लावून बघा. पावसाळ्यात घरात किती बसतील तेही.

● पाणी किती तास येतं, त्यात किती राउंड होतील, प्रेशर पुरेसं आहे का ते तपासा.

● जिना, दार आणि मशीनची जागा टेपने मोजून कागदावर लिहून घ्या. कागद खिशात ठेवा.

● सिंथेटिक आणि क्विक वॉशला किती किलो चालतात, सेमीमध्ये पिळण्याचा टब किती किलोचा, हे सेल्समनला विचारा.

● आणि मशीन रोज लावणार कोण, हे घरातच ठरवून निघा. दुकानात यावर कसलीही ऑफर मिळत नाही!